अपघात किती गंभीर? आधी छेद बघा

शहरातल्या अपघातांवर प्रोजेक्ट करणारी पोरं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच वाक्य घेऊन: "मॅडम, कोणत्या चौकात सगळ्यात जास्त अपघात होतात ते काढायचंय." काढा की. पण तो एक प्रश्न झाला. अपघात झालाच, तर माणूस खरचटण्यावर सुटतो की जिवानिशी जातो, हा निराळा प्रश्न आणि त्याचं उत्तरही निराळंच निघतं. गजबजलेल्या चौकात दिवसाकाठी चार गाड्या एकमेकींना घासतात, शिवीगाळ होते, माणसं आपापल्या वाटेनं जातात. रात्री साडेअकराला रिकाम्या बायपासवर एकच धडक होते आणि घरचा कर्ता माणूस जातो.

पहिल्या प्रश्नाला मोजणी पुरते. दुसऱ्याला गुणोत्तर लागतं, आणि गुणोत्तर म्हटलं की अंशाखाली छेद आलाच. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. गंभीरतेवरची विश्लेषणं फसतात ती सॉफ्टवेअर येत नाही म्हणून क्वचितच. छेदात काय बसलंय ते कुणी बघितलेलं नसतं म्हणून फसतात. ज्यांना स्वतः बसून आकडे चाळायचे आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक्सेलचं पिव्हट टेबल येत असेल तरी पुष्कळ पुढे जाता येईल. पायथन किंवा आर येत असेल तर उत्तमच.

छेदात कोण बसलंय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशभरच्या अपघातांचा अहवाल काढतं. त्यात गंभीरता म्हणजे दर १०० अपघातांमागे मृत्यू. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू, म्हणजे गंभीरता ३६.५. आता त्याच अहवालातली दोन राज्यं शेजारी मांडा. महाराष्ट्र: ३३,३८३ अपघात, १५,२२४ मृत्यू, गंभीरता ४५.६. केरळ: ४३,९१० अपघात, ४,३१७ मृत्यू, गंभीरता ९.८.

पोरं लगेच लिहितात, "महाराष्ट्रातले अपघात केरळपेक्षा साडेचारपट जीवघेणे." जरा थांबा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ११.२ कोटींचा आणि केरळ ३.३ कोटींचा. एक तृतीयांशाहून कमी माणसांच्या राज्यात आपल्यापेक्षा दहा हजार अपघात जास्त कसे? एक तर मल्याळी माणूस गाडी चालवताना भान सोडतो, नाही तर आपल्याकडे किरकोळ अपघात कागदावर येतच नाहीत. आपल्याकडे लांबलचक महामार्ग आहेत, वेग आहे, त्यामुळे फरकाचा काही भाग खरा असेलही. पण मोठा भाग नोंदीचा आहे, असं मला वाटतं. मृत्यू लपत नाही. पोस्टमॉर्टेम होतं, विम्याचा दावा होतो. मोडलेला घोटा लपतो. अंश जवळजवळ पूर्ण आणि छेद अर्धामुर्धा असला की गुणोत्तर फुगणारच.

ब्रिटनशी तुलना केली की हे उघडंच पडतं. २०२२ साली ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर १,७११ माणसं मेली आणि मृत-जखमी मिळून एकूण नोंद १,३५,४८० जणांची. म्हणजे एका मृत्यूमागे ७८ जखमी. भारतात त्याच वर्षी जखमी ४,४३,३६६. एका मृत्यूमागे अडीचहून थोडे जास्त. आपली हाडं काही त्यांच्यापेक्षा तीसपट ठिसूळ नाहीत. उरलेले जखमी कुठे गेले ते माझा भाचा सांगतो, तो ऑर्थोपेडिकमध्ये आहे. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर दुचाकी घसरते, बाई हातावर पडते, मनगट मोडतं. रिक्षानं जवळच्या दवाखान्यात जाते, प्लास्टर घालून घरी येते. फिर्याद द्यायची कुणाविरुद्ध? रस्त्याविरुद्ध? समोर दुसरी गाडीच नसली की पोलीस ठाण्याची पायरी चढायचं कारणच उरत नाही.

तेव्हा पहिला नियम: गंभीरतेची तुलना एकाच नोंदपद्धतीच्या आत करा. एकाच शहरात, एकाच पोलीस दलाच्या नोंदींत, दिवस विरुद्ध रात्र, पादचारी विरुद्ध कारवाले. दोन राज्यं किंवा दोन देश तोलायचे असतील तर निव्वळ मृत्यू घ्या आणि छेदात लोकसंख्या किंवा वाहनसंख्या ठेवा.

वेळ बदलली तरी छेद हलतो. २०१९च्या अहवालात ४,४९,००२ अपघात आणि १,५१,११३ मृत्यू होते. टाळेबंदीच्या २०२० सालच्या अहवालात ३,६६,१३८ आणि १,३१,७१४. दोन्ही उतरले, गंभीरता मात्र ३३.७ वरून ३६ वर चढली. रस्ते मोकळे म्हणून वेग वाढला, की बंदोबस्तात अडकलेल्या पोलिसांकडून किरकोळ नोंदी सुटल्या? दोन्ही शक्य आहे, आणि एकट्या गुणोत्तराला विचारून कळणार नाही.

हात बसवायला लंडन

आपल्याकडे पोलीस अपघाताची नोंद ई-डार प्रणालीत भरतात. आधीचं नाव आयरॅड. आयआयटी मद्रास आणि सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्रानं (एनआयसी) ती उभी केली. पण एकेका अपघाताची ओळ न् ओळ तुम्हाआम्हाला उतरवून घेता येत नाही. म्हणून सराव ब्रिटनच्या माहितीवर करा. तिकडच्या पोलिसांच्या नोंदीला स्टॅट्स-१९ म्हणतात, १९७९ पासूनची खुली आहे आणि त्यांच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. सगळी वर्षं एकत्र असलेली फाइल घेऊ नका. एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची, पुढचं कापलं जातं. शेवटच्या पाच वर्षांची फाइल वेगळी ठेवलेली असते, ती घ्या. लंडनपुरतं बघायचं तर स्थानिक प्राधिकरणाच्या सांकेतिक क्रमांकाची सुरुवात 'ई-शून्य-नऊ'नं होणाऱ्या ओळी गाळून घ्या. ३३ विभाग मिळतील.

फाइली तीन असतात: अपघात, वाहनं आणि जखमी. अपघाताच्या फाइलीत एका अपघाताची एक ओळ, आणि तिची गंभीरता म्हणजे त्यातल्या सर्वांत वाईट जखमीची गंभीरता. १ म्हणजे प्राणांतिक, २ गंभीर, ३ किरकोळ. नुसतं वाहनांचं नुकसान झालेले अपघात या नोंदीत येतच नाहीत, हेही छेदाच्या खात्यात टिपून ठेवा.

फाइल उघडायच्या आधी एक काम. अपघाताचा क्रमांक तेरा आकड्यांचा असतो आणि एक्सेल त्याला संख्या समजून घातांकी रूपात दाखवतं. पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केलंत की शेवटचे आकडे कायमचे गेले. त्याच्या शेजारच्या संदर्भ क्रमांकाची सुरुवातीची शून्यं तर उघडताक्षणीच उडतात. म्हणून फाइलवर डबल क्लिक करायचं नाही. डेटा मेनूतून आयात करा आणि ते रकाने 'टेक्स्ट' म्हणून घ्या. पायथनच्या पांडाजमध्येही वाचतानाच त्या रकान्यांचा प्रकार स्ट्रिंग सांगून टाका. जुन्या फाइलींत रकान्यांच्या नावात 'अॅक्सिडेंट' असतं, नव्यांत 'कॉलिजन'. दोन काळच्या फाइली जोडताना आधी नावं सारखी करून घ्या.

मग ठरवा, तुमचं एकक कोणतं: अपघात, वाहन की माणूस? हा निर्णय कागदावर लिहूनच ठेवा. २० नोव्हेंबर २०२२ला पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावर एका अवजड वाहनानं सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. अपघाताच्या फाइलीत असा प्रसंग म्हणजे एक ओळ, वाहनांच्या फाइलीत पन्नासेक. "त्या दिवशी किती अपघात झाले" याचं उत्तर तुम्ही कोणती फाइल उघडलीत त्यावर अवलंबून.

फाइली जोडताना दोन गाड्या आणि तीन जखमी असलेला अपघात घ्या. वाहनं आणि जखमी नुसत्या अपघात क्रमांकावर जोडलेत तर सहा ओळी होतात आणि तीन जखमींचे सहा दिसतात. जखमीच्या ओळीत वाहन क्रमांकही असतो. दोन्ही रकान्यांवर जोडा. पादचाऱ्याच्या ओळीतला वाहन क्रमांक म्हणजे त्याला धडकलेली गाडी. जोडणीनंतर ओळी मोजा. जखमींच्या मूळ फाइलीत होत्या तेवढ्याच भरल्या पाहिजेत. एक जरी जास्त निघाली तरी पुढे जायचं नाही.

रिकाम्या जागा

या फाइलीत 'माहिती नाही' हे उणे एकनं दाखवतात, काही रकान्यांत ९नंही. वयाच्या रकान्यात उणे एक तसंच राहिलं तर सरासरी काढताना घात होतो. पण अशा ओळी सरसकट उडवूही नका. माहिती गहाळ होते ती यदृच्छेनं नव्हे. किरकोळ अपघातात पोलीस जागेवर जात नाहीत, लोक नंतर स्वतः अर्ज भरतात, आणि रस्ता ओला होता की कोरडा, उजेड किती होता, हे रकाने तिथेच जास्त रिकामे राहतात. ते गाळलेत की किरकोळ अपघात गाळले गेले आणि उरलेल्यांची गंभीरता आपोआप वाढली. 'नोंद नाही' असा वेगळा गट करा आणि त्याचीही टक्केवारी तक्त्यात दाखवा.

टक्केवारी आडवी

पहिला तक्ता साधा करा: आडव्या ओळींत उजेडाची स्थिती, उभ्या रकान्यांत प्राणांतिक, गंभीर, किरकोळ. टक्केवारी आडवी काढा, म्हणजे अंधारातल्या १०० अपघातांपैकी किती प्राणांतिक. पोरं उभी काढतात: मृत्यूंपैकी किती टक्के अंधारात? उभी टक्केवारी रात्री रहदारी किती होती त्यावर हलते. तिच्यातून गंभीरतेबद्दल काही कळत नाही. आपल्या बातम्यांत येणारं "सायंकाळी सहा ते नऊ सर्वांत धोक्याची वेळ" हे विधान उभ्या टक्केवारीचं असतं. त्या वेळी रस्त्यावर गाड्या आणि माणसं जास्त असतात, म्हणून अपघात जास्त. त्यातला एकेक अपघात जास्त गंभीर असतो का, हे त्यातून कळत नाही.

आडवी टक्केवारीसुद्धा फसवते, आणि इथे थोडं थांबून कागद-पेन घ्या. आकडे मी गणितासाठी मनानं घेतले आहेत. समजा, एका शहरात दिवसा १,००० अपघात झाले: ९०० गल्ल्यांत, १०० महामार्गावर. गल्लीतल्यांपैकी ९ टक्के गंभीर, महामार्गावरच्यांपैकी ३० टक्के. म्हणजे ८१ अधिक ३०, एकूण १११. दिवसाची गंभीरता ११.१ टक्के. रात्री ४०० अपघात: २०० गल्ल्यांत, २०० महामार्गावर, टक्केवारी तीच, ९ आणि ३०. म्हणजे १८ अधिक ६०, एकूण ७८. रात्रीची गंभीरता १९.५ टक्के. वरवर बघितलं तर रात्र पावणेदोनपट घातक. प्रत्यक्षात गल्लीत दिवस-रात्र सारखेच, महामार्गावरही सारखेच. बदललं ते एवढंच की रात्रीच्या अपघातांत महामार्गाचा वाटा जास्त होता. इथे महापालिकेनं गल्लीगल्लीत दिवे लावले तर पैसे जातील आणि गंभीरता जिथल्या तिथे राहील.

म्हणून कोणताही दोन-रकानी निष्कर्ष लिहायच्या आधी तोच तक्ता वेगमर्यादेनुसार फोडा, मग जखमी कोण होता त्यानुसार फोडा: पादचारी, सायकलस्वार, दुचाकीस्वार, कारमधला. मग वयानुसार. सत्तरीतल्या बाईला आणि पंचविशीतल्या मुलाला तोच धक्का सारखा लागत नाही. पावसाचं हमखास असं होतं: ओल्या रस्त्यावर अपघात वाढतात, पण गंभीरता पुष्कळदा वाढत नाही, कधी उतरते, कारण लोक हळू चालवतात आणि पायी माणसं घरात बसतात. हे पहिल्यांदा दिसलं की पोरांना वाटतं गणित चुकलं. चुकलेलं नसतं.

मॉडेल, आणि ९९ टक्क्यांची भुरळ

तक्ते फोडत गेलं की एकेका खान्यात चार-दोन ओळी उरतात. तिथून पुढे लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे अनेक कारणं एकाच वेळी धरून 'गंभीर की नाही' याची शक्यता काढायची पद्धत. लंडनच्या नोंदींत प्राणांतिक अपघात टक्काभरही नसतात, म्हणून सुरुवातीला प्राणांतिक आणि गंभीर एकत्र करा. ब्रिटिश विश्लेषकही तसंच करतात, त्याला केएसआय (किल्ड ऑर सीरियसली इंज्युअर्ड) म्हणतात. मग एकीकडे तो गट, दुसरीकडे किरकोळ. कारणांच्या बाजूला वेगमर्यादा, उजेड, रस्त्याची स्थिती, चौकाचा प्रकार, जखमीचा प्रकार आणि वय, धडकलेलं वाहन. तीन पायऱ्या वेगळ्या ठेवायच्याच असतील तर ऑर्डर्ड लॉजिट आहे, पण आधी साधं जमू द्या.

आजकाल पोरं थेट रँडम फॉरेस्ट (माहितीवरून आपोआप शिकणारं मॉडेल) लावून येतात आणि ९९ टक्के अचूकता दाखवतात. ज्या फाइलीत ९९ टक्के अपघात अप्राणांतिक आहेत, तिथे डोळे मिटून सगळ्यांना 'अप्राणांतिक' म्हटलं तरी ९९ टक्के मिळतात. पुण्यात मार्चभर रोज सकाळी "आज पाऊस नाही" म्हणणाऱ्याला वेधशाळेत नोकरी देण्यातला प्रकार आहे हा. अचूकता विचारू नका. खरोखर गंभीर निघालेल्यांपैकी मॉडेलनं किती पकडले, आणि गंभीर म्हणून पकडलेल्यांपैकी किती खरे निघाले, हे दोन आकडे मागा.

अचूकता प्रामाणिकपणे जास्त आली तरी मी आधी रकान्यांची यादी बघते. 'पोलीस जागेवर गेले का' हा रकाना मॉडेलमध्ये घातला की निकाल झकास येतात, कारण गंभीर अपघात असला की पोलीस जातातच. म्हणजे परिणामाला कारणाच्या खुर्चीत बसवलं. 'जखमींची संख्या' हीही तशीच, धडकेनंतर कळणारी गोष्ट. कसोटी सोपी आहे: धडकेच्या क्षणापूर्वी हे ठाऊक असतं का? नसेल तर रकाना बाहेर.

आणखी एक, माणूस हे एकक घेतलं असेल तर: एकाच गाडीतले चार जखमी म्हणजे चार स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. सॉफ्टवेअरला अपघात क्रमांकावर गट करून प्रमाणत्रुटी (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) काढायला सांगा, नाहीतर निष्कर्ष आहेत त्यापेक्षा ठाम दिसतात.

मोजपट्टीच बदलली तर

जुन्या वर्षांच्या फाइलीही घेतल्यात तर २०१६च्या सुमारास लंडनमध्ये गंभीर जखमी एकदम वाढलेले दिसतील. रस्त्यावर काही घडलं नव्हतं. आधी पोलीस स्वतःच्या अंदाजानं गंभीर की किरकोळ ते लिहीत. नव्या प्रणालीत ते फक्त इजा निवडतात, फ्रॅक्चर, खोल जखम वगैरे, आणि गंभीरता प्रणाली ठरवते. जे पूर्वी किरकोळमध्ये जायचे ते गंभीरमध्ये आले. वेगवेगळ्या पोलीस दलांनी ही पद्धत वेगवेगळ्या वर्षी घेतली, म्हणून ब्रिटनचं वाहतूक खातं प्रत्येक नोंदीसाठी समायोजित संभाव्यतेची वेगळी फाइल देतं. आलेख अनेक वर्षांचा असेल तर ती वापरलीच पाहिजे.

आपल्याकडेही नुकतंच हेच झालंय, आणि फार कुणी बोलत नाही. गंभीर दुखापतीची कायद्यातली व्याख्या जुन्या दंडसंहितेच्या कलम ३२०मध्ये होती. तिच्या आठव्या प्रकारात वीस दिवस असह्य वेदना किंवा रोजचे व्यवहार करता न येणं ही अट होती. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ११६मध्ये वीसचे पंधरा दिवस झाले. सतरा दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस जून २०२४मध्ये किरकोळ, जुलैत गंभीर. २०२३ आणि २०२५ची तुलना करून "गंभीर जखमी वाढले" असा मथळा देणाऱ्यानं आधी एवढं तपासावं. कलमांचे क्रमांकही बदलले: मृत्यूसाठी ३०४-अ होतं ते १०६(१), हयगयीनं गंभीर दुखापत ३३८ची १२५(ब). कलमावरून गाळणी लावत असाल तर दोन्ही क्रमांक घ्या.

'अतिवेग' नावाचा रकाना

२०२२च्या केंद्रीय अहवालात ७२.३ टक्के अपघातांचं कारण अतिवेग दिलंय, आणि मृत्यूंपैकी ७१.२ टक्के अतिवेगाच्या खात्यात आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि जरा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगतो की सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणांतिक अपघाताचा धोका चार टक्के वाढतो, गंभीर अपघाताचा तीन टक्के. वेग वाढला की अपघात तर वाढतातच, पण ते जास्त जीवघेणेही होतात. म्हणजे अतिवेगाचा मृत्यूंमधला वाटा अपघातांमधल्या वाट्यापेक्षा ठसठशीत मोठा निघायला हवा. इथे तो किंचित कमी आहे! या तक्त्यावर विश्वास ठेवला तर अतिवेगानं गंभीरता वाढत नाही. मला तर असं दिसतं की हा रकाना वेग मोजतच नाही. धडकेआधीचा वेग कुणी मोजलेला नसतो. पंचनाम्यानंतर कारण भरायचं असतं आणि यादीतलं हाताशी येणारं कारण तेच. रस्त्याचा उतार, फुटलेला दुभाजक, बंद पडलेले दिवे हे सगळं त्याच्या पोटात जातं.

अशा रकान्याला मॉडेलमध्ये जागा देऊ नका. रस्त्याचा प्रकार, वेगमर्यादा, वाहनाचा प्रकार आणि वेळ यांवरून वेगाचा अंदाज जास्त चांगला बांधता येतो.

नकाशावरचे ठिपके

राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटची व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरचा पट्टा, जिथे मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू. यात गुणोत्तर नाहीच, मोजणी आहे. ती वापरा, पण चौकांची गंभीरतेनुसार क्रमवारी लावायच्या फंदात पडू नका. सात अपघातांत तीन मृत्यू म्हणजे ४३ टक्के; त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा, काढली तर १६ ते ७५ टक्के येते. इतक्या ऐसपैस पट्ट्यात शहरातले निम्मे चौक बसतील.

आणि ज्या चौकात यंदा विक्रमी अपघात झाले तिथे पुढच्या वर्षी ते बहुधा कमीच होतात, काही केलं नाही तरी. वाईट वर्ष बघूनच तो चौक निवडलेला असतो. मध्ये कुणी तरी रंबलर टाकलेले असतात आणि श्रेय त्यांना जातं. सुधारणेचा परिणाम तपासायचा तर तसाच दुसरा, हात न लावलेला चौक शेजारी ठेवा आणि दोन्हीकडे तीन-तीन वर्षांची माहिती घ्या.

आपल्या शहराची माहिती मागताना

लंडनवर हात बसला की आपल्या पोलीस आयुक्तालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांत. ऑनलाइनही होतो. "अपघातांबाबत सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहिलंत तर मोघमच उत्तर येईल. रकाने नावानिशी मागा: तारीख, वेळ, पोलीस ठाणे, ठिकाण (अक्षांश-रेखांश असल्यास), कलम, मृत किंवा जखमीचा प्रकार, वय, लिंग, समोरच्या वाहनाचा प्रकार, आणि प्राणांतिक, गंभीर, किरकोळ, विनादुखापत यांपैकी काय. नाव, फोन, गाडीचा नंबर नको असल्याचं स्वतःहून लिहा. खासगी माहितीच्या कलमाखाली नकार द्यायला जागा राहत नाही. एक्सेलमध्ये, ईमेलनं किंवा सीडीवर मागा.

नवा तक्ता तुमच्यासाठी तयार करून देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नसतं, आणि नकाराचं ते आवडतं कारण. म्हणून "आपल्या कार्यालयात उपलब्ध असलेला मासिक गोषवारा, आहे त्या नमुन्यात" असे शब्द घाला. "अमुक चौकात अपघात का होतात" असं विचारू नका, ती माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

काळ ठरवताना अलीकडचे तीन महिने सोडून द्या. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो अपघात प्राणांतिक धरतात, पण दवाखान्यातून कळवणं, कलमवाढ होणं आणि नोंद दुरुस्त होणं याला वेळ लागतो. ताज्या महिन्यांत गंभीर म्हणून दिसणारे काही जण तोवर गेलेले असतात. उत्तर आलं की मुखपृष्ठावर माहिती कोणत्या तारखेला काढली ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच काळ पुन्हा मागितलात तर आकडे थोडे बदललेले येतील, आणि बदल कुठे झालाय ते बघण्यासारखं असतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. त्यात मूळ अर्जाची प्रत आणि पोच जोडा, आणि न मिळालेले रकाने एकेक करून लिहा.